आकडा हलला नाही

मंगळवार, ११ ऑगस्ट २००९

आज फाटकाचा खांब पाडला, तो गाडीने. मी नाही. हे आधी लिहून ठेवतो, कारण उद्यापर्यंत घरात उलटंच ऐकू येईल.

सकाळी नेहमीसारख्या मागच्या सीटवर गुलाबाच्या जुड्या घेतल्या, डिकीत झेंडूचे क्रेट. फाटक नेहमीप्रमाणे बायकोनेच, दीपमालाने उघडलं. मी गाडी हळू पुढे घेतली, तिला बाजूला होऊ द्यावं म्हणून ब्रेक दाबला, आणि इंजिन एकदम ओरडलं. ब्रेकवर पाय असताना. गाडीने उडी मारली ती सरळ डाव्या खांबावर. दीपमाला त्याच खांबाशी उभी होती. ती कशी सटकली तिचं तिलाच ठाऊक. नंतर बराच वेळ ओट्यावर बसून होती, फाटकाचं कुलूप मुठीत तसंच.

सातपूरच्या कारखान्यात माझी उमेदीची सगळी वर्षं मेंटेनन्समध्ये गेली. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून ही गाडी मीच उघडतो, मीच जोडतो. फक्त जूनमध्ये कंबर धरली होती म्हणून पेठ रोडच्या योगेशला थ्रॉटल, म्हणजे इंजिनाला हवा सोडणारी झडप, साफ करायला दिली. तेवढ्या एका कामात परका हात लागला, आणि नेमकं तिथेच दुखणं निघालं.

संध्याकाळी योगेश त्याचं स्कॅनिंगचं यंत्र घेऊन आला. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावलं, बटणं दाबली.

"काका, बिघाडाचा एक कोड होता. थ्रॉटलच्या सेन्सरचा. धक्क्याने प्लग हलला असेल. बसवला आणि कोड पुसून टाकला."

"मला दाखवायच्या आधी?"

"दाखवण्यासारखं काही नव्हतं."

म्हणजे पुरावा होता आणि तो त्याने पुसला. वर मला विचारतो, "काका, तुम्ही शुगर तपासली का एवढ्यात?" बिघाड गाडीत आणि तपासणी माझी. विषय बदलायची ही जुनी पद्धत आहे.

शुक्रवार, १४ ऑगस्ट

ठरवलं. स्वतःचं कोड वाचायचं यंत्र घ्यायचं. माझ्या गाडीत काय आहे ते मी माझ्या डोळ्यांनी वाचीन, मग बघू कोण काय पुसतो.

दिशाला इंटरनेटवर शोधायला बसवलं. कॉलेजला स्वाइन फ्लूची सुट्टी आहे, नाही तरी घरीच असते. तीन प्रकार निघाले. एक योगेशकडे आहे तसलं, गॅरेजवाल्यांचं. त्याच्या किमतीत आणखी एक जुनी गाडी दारात येईल. दुसरी नुसती वायर, ती लॅपटॉपला जोडायची आणि आत फुकटचा प्रोग्रॅम टाकायचा. फुकट कोणी काही देत नाही, त्यात काय घुसवलेलं असेल कोण जाणे. तिसरं हातात धरायचं, लहान पडद्याचं. किंमत आवाक्यात. पण त्यातही पोटभेद आहेत. काही नुसते कोड वाचतात आणि पुसतात. काही चालू आकडे दाखवतात, म्हणजे इंजिन चालू असताना फेरे किती, थ्रॉटल किती उघडलंय, सगळं. मला ते दुसरं हवं. कोड पुसता येतो, पण धावता आकडा कोण पुसणार?

दिशा म्हणाली, "बाबा, एवढा खर्च करण्यापेक्षा काही दिवस मी चालवते ना गाडी. लायसन्स आहे माझं."

लायसन्स मीच काढून दिलं, ते अडीअडचणीला. फुलबाजारात पहाटेच्या गर्दीत गाडी घालायला नाही. आणि आताच तिला ही हौस कुठून आली?

बुधवार, १९ ऑगस्ट

द्वारका चौकाजवळची स्पेअर पार्टची दुकानं पालथी घातली. सगळे दुकानदार तोंडाला मास्क लावून. खरं बोलतायत की खोटं, अर्ध्या चेहऱ्यावरून कळत नाही.

पहिल्याने पिवळ्या डब्यातलं यंत्र पुढे केलं. "सगळ्या गाड्यांना चालतं." म्हटलं, माझी बाहेर उभी आहे, लावून दाखवा. लावलं. बराच वेळ पडद्यावर ठिपके धावले आणि मग 'संपर्क नाही'. लगेच म्हणतो, तुमची गाडीच जुनी. तिथेच कळलं की डब्यावर काय छापलंय याला अर्थ नाही. प्रत्येक गाडीची आतली बोली वेगळी असते आणि यंत्राला ती यायला हवी.

तिसऱ्या दुकानात एक काळं, साधं यंत्र मिळालं. कंपनीचं नाव कधी ऐकलेलं नाही. पण सॉकेटला लावताच बोलायला लागलं. इंजिनचे फेरे दाखवले, पाण्याचं तापमान दाखवलं, थ्रॉटल बारा टक्के. गाडी नुसती उभी असताना बारा हाच आकडा बरोबर आहे, हे मी आधीच वाचून गेलो होतो. दुकानदाराला तरी विचारलं, शून्य का नाही? त्यालाही सांगता आलं. म्हणून घेतलं. बिलावर शिक्का मारून घेतला.

घरी आल्यावर दीपमाला म्हणाली, "एक चप्पल कुठं हाय तुमची?"

डाव्या पायात होती, उजव्यात नव्हती. दुकानात पायरीवर काढली असेल. आजकाल चपलासुद्धा पट्टे सैल करून विकतात.

शनिवार, २२ ऑगस्ट

उद्या गणपती. बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. गाडी लावताना पुन्हा तेच. ब्रेक दाबला आणि इंजिन ओरडलं. नशीब, पुढे हारांच्या पाट्या होत्या, माणूस नव्हतं. सगुणाबाई आमच्याकडूनच फुलं घेऊन हार करते. तिच्या दूर्वांची पाटी चाकाखाली गेली. ती दूर्वा वेचत बसली. मग म्हणाली, "भाऊ, घाबरू नका. बसा जरा. पाणी देऊ का?"

मला कशाला पाणी? मी लगेच यंत्र लावलं. कोड नाही. एकही नाही. म्हणजे यंत्र तरी नकली आहे किंवा योगेशने गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये असं काही करून ठेवलंय की कोड उमटतच नाही.

दीपमाला सकाळी फाटक उघडून हल्ली विहिरीच्या भिंतीमागे जाऊन उभी राहते. गाडी रस्त्याला लागली की मग येऊन बसते. विचारलं तर म्हणते, धूर लागतो.

शुक्रवार, २८ ऑगस्ट

अॅक्सिलरेटरची केबल नवी टाकली. जुनी काढून पाहिली, गुळगुळीत होती, कुठे अडकत नव्हती. तरी टाकली. एक शंका मिटली.

रात्री कंबर शेकायला पाणी तापवलं होतं. तेच बादलीत ओतून पाय सोडून बसलो. दीपमालाने हात घातला आणि झटकन काढला. "अहो, किती उकळतं हाय हे." मला तर कोमट लागत होतं. पायाला घट्टे पडलेत, दुसरं काय. ती उगीच डोळे पुसत आत गेली. पावलं नंतर लाल झाली होती, तिने त्यांना खोबरेल लावलं. उद्या डॉक्टरकडे चला म्हणाली. त्या डॉक्टरचं आणि लॅबवाल्याचं साटंलोटं आहे, मला माहीत आहे. गेल्या वर्षी नुसतं सर्दीसाठी गेलो तर साखरेवरच्या गोळ्या बांधून दिल्या. त्या मी घेतो, आठवेल तेव्हा.

रविवार, ६ सप्टेंबर

पितृपक्ष लागला. फुलांना उठाव नाही, तेव्हा हातात वेळ आहे. दिशाला घेऊन तपोवनाच्या मोकळ्या मैदानावर गेलो. बेत सोपा होता. मी चालवायचं, तिने शेजारी बसून यंत्रावर थ्रॉटलचा आकडा बघायचा. मी ब्रेक दाबला आणि इंजिन ओरडलं, तर त्या क्षणी आकडा काय होता तेवढं सांगायचं. बाराच राहिला तर हवा दुसरीकडून आत शिरते आहे, म्हणजे योगेशने सांध्यातलं गास्केट नीट बसवलं नाही. वर गेला तर थ्रॉटलच उघडतंय.

दोन-तीन फेऱ्या काही झालं नाही. मग वळणावर झालं. इंजिन ओरडलं, गाडी ब्रेकशी झगडत पुढे सरकली, मी चावी फिरवून बंद केली.

"किती होता?"

दिशा यंत्राकडे बघत नव्हती. ती खाली माझ्या पायांकडे बघत होती. बराच वेळ.

"दिशा, आकडा किती होता?"

"बारा," ती म्हणाली. "आकडा हलला नाही, बाबा."

मग म्हणे डोकं दुखतंय तुमचं, मी चालवते घरी. माझं डोकं दुखत नव्हतं. पण किल्ली तिने आधीच काढून घेतली होती. चालवते बरी. क्लच जरा जास्त धरून ठेवते.

बारा. म्हणजे गास्केट. योगेश, सापडलास.

गुरुवार, १० सप्टेंबर

गास्केट बदलायचं म्हणून आज सगळं उघडलं. चोख बसवलेलं होतं. गळतीची खूण नाही. आता काय म्हणावं?

दुसरीच एक गोष्ट लिहावी की नको असं झालंय. दिशा योगेशशी फोनवर बोलते. काल गच्चीवर हळू आवाजात बोलत होती, मी जिन्यात गेल्यावर गप्प झाली. आज पुन्हा. "मी नाही सांगू शकत, तूच सांग," एवढं कानावर आलं. कोणाला सांगायचं? काय सांगायचं? ती त्याला दादा म्हणते, पण हल्ली कोण कोणाला काय म्हणतं त्यावर जाण्यात अर्थ नाही. मुलगा तसा कष्टाळू आहे. जमीन नाही, गॅरेजही भाड्याचं.

आता उलगडा होतो. म्हणून ती त्याच्या यंत्राची बाजू घेते. म्हणून माझं यंत्र घ्यायला नको म्हणत होती.

दीपमालाला विचारलं, "तुला काही ठाऊक आहे का पोरीचं?" ती माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी परक्या भाषेत बोललो. मग म्हणाली, "पोरगी तुमच्यापायी झोपत नाय, आणि तुम्ही काय घेऊन बसला."

म्हणजे माझ्याच भीतीने. आई सामील आहे.

मंगळवार, १५ सप्टेंबर

गाडी सुरूच होईना. स्टार्टर फिरतो, इंजिन पकडत नाही. यंत्र लावलं. यावेळी कोड आला. शेवटी आला. क्रँकच्या सेन्सरकडून खबरच येत नाही, असा त्याचा अर्थ. गाडीखाली झोपून बॅटरी मारली तर सेन्सरचा प्लग निघून लोंबत होता. हा प्लग आपसूक निघत नाही. बाजूची क्लिप अंगठ्याने दाबून ओढावा लागतो. म्हणजे कोणीतरी निजून, हात घालून, मुद्दाम काढलेला.

लावला. गाडी पहिल्या फेऱ्यात सुरू झाली.

यंत्र खोटं नाही, हे आज कळलं. मनातून त्या दुकानदाराची माफी मागितली.

शनिवार, १९ सप्टेंबर

घटस्थापना. पहाटे पुन्हा प्लग काढलेला. पण आज एक खूण मिळाली. पांढऱ्या प्लगवर बोटाचा हिरवट काळा डाग होता. हुंगून पाहिला. झेंडूच्या देठाचा वास. तो वास माझ्यापासून लपणार नाही, रोज त्यातच हात असतात. योगेश रस्त्याने आला असता तर कुत्रं भुंकलं असतं. तो मागून, झेंडूच्या वाफ्यातून आला. वाफ्यात पावलं शोधली, पण दीपमाला सकाळीच खुडणी करून गेलेली, सगळीकडे तिचीच पावलं.

हेतू उघड आहे. गाडी बंद पडावी, मी हरून त्याच्याकडे जावं. नवमीला आणि दसऱ्याला झेंडू असा खपतो की वर्षाची कमाई त्या दोन दिवसांत होते. त्याआधी मला घरी बसवायचा डाव दिसतो. गाडी आता बंद शेडमध्ये लावली, कुलूप घातलं, किल्ली करगोट्याला बांधली.

दीपमालाला हे सांगितलं तर म्हणाली, "यंदा समोरच्यांच्या टेम्पोत माल घालू. तुम्ही नका येऊ, लय गर्दी असती." मी म्हटलं, तूही त्याचंच बोलायला लागलीस. ती मग हात धुवायला मोरीत गेली आणि बराच वेळ घासत राहिली.

गुरुवार, २४ सप्टेंबर

आज जे झालं ते नीट क्रमाने लिहितो.

योगेशसमोर ठेवायला पुरावा हवा म्हणून दुपारी शेडमध्ये एकटाच बसलो. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू, यंत्र मांडीवर. थ्रॉटल बारा. ब्रेक दाबला. काही नाही. सोडून पुन्हा दाबला. चौथ्या की पाचव्या वेळी इंजिन ओरडलं आणि आकडा बारावरून अठरा, सव्वीस, एकतीस. मला आनंद झाला, खरंच. इतक्या दिवसांनी दोष समोर येऊन उभा राहिला होता. दिशा म्हणाली होती तसा तो थांबलेला नव्हता, चढत होता. पोरीने नीट पाहिलं नसेल असं मनात आलं.

आता थ्रॉटल कोण उघडतं? कारखान्यात एक शिकलो, एकेक भाग बाजूला काढत जायचं. ब्रेकच्या पेडलचा दांडा वर कुठेतरी केबलला घासत असेल, असं वाटलं. म्हणून दार उघडून खाली उकिडवा बसलो आणि ब्रेक हाताने दाबला. बारा. जोराने दाबला. बारा. तिरका दाबला, झटक्याने दाबला, दोन्ही हातांनी दाबला. बारा, बारा, बारा.

परत वर बसलो. पायाने दाबला. एकतीस.

तेव्हा खाली पाहिलं. बूट अर्धा ब्रेकवर होता आणि अर्धा शेजारच्या अॅक्सिलरेटरवर. मी बघत होतो आणि तरी मला पायाखाली एकच पेडल लागत होतं. डोळ्यांना दोन दिसत होती. मी पाय उचलला, पुन्हा ठेवला. ठेवल्याचं कळत होतं ते गुडघ्याला, पावलाला नाही.

बूट काढला. मोजा तळव्याला चिकटला होता. खाली क्रेटचा एक बारीक खिळा बुटाच्या तळातून वर आलेला, आणि अंगठ्याच्या मागे त्याने भोक पाडलेलं. रक्त वाळून काळं झालं होतं. किती दिवसांचं, सांगता येत नाही. मी त्या जखमेवर बोट दाबलं. बोटाला जखम लागली. जखमेला बोट लागलं नाही.

इंजिनचा आवाज ऐकून दीपमाला दारात आली होती. तिने पाय पाहिला आणि माझ्या पायाशी येऊन बसली.

मी विचारलं, "प्लग तू काढलास?"

"हो."

"तुला कसा सापडला?"

"योगेशनं दाखवला. तो नाय म्हणत होता, काकांना सरळ सांगा म्हणत होता. मीच मागं लागले. दिशानं त्या दिवशी मैदानावर पाहिलं तुमचं पाऊल. घरी येऊन रडली."

"मला सांगायचं होतंत."

"खांब पाडला त्याच दिवशी सांगितलं. तुमचा पाय सरकला म्हटलं. तुम्ही म्हणाला, योगेशनं पढवून पाठवलं का तुला." ती माझ्या पावलाखाली पदर धरून बसली होती. "मी खांबापाशी उभी होते हो. मला दिसलं होतं."

इंजिन अजून चालूच होतं. तिने हात घालून चावी फिरवली.

सोमवार, २८ सप्टेंबर, दसरा

चार दिवस लिहिलं नाही. पायाला पट्टी आहे, पाय उशीवर आहे, आणि डॉक्टरने जमिनीवर टेकवायचा नाही म्हणून बजावलंय. आज दिशाने गाडी चालवली. पहाटे मायलेकी गेल्या, झेंडू उजाडायच्या आत संपला. योगेश मागे मोटारसायकलवर गेला होता, गर्दीत गाडी लावून द्यायला. येताना त्याची बायको सायली आणि लहान पोरगी पण आली, आपट्याची पानं द्यायला. त्याचं लग्न झालंय हे मला माहीत नव्हतं, किंवा मी विचारलं नव्हतं. पोरीने माझ्या पाया पडायला पट्टीलाच हात लावला. योगेशला म्हटलं, यंत्र घेऊन जा, तुझ्या कामाला येईल. तो म्हणाला, "ठेवा काका, गाडी तुम्हीच तपासायची, फक्त चालवायची नाही."

शुक्रवारचं लिहायचं राहिलं.

डॉक्टरने जखम धुतली, इंजेक्शन टोचलं, साखरेचा आकडा पाहून तोंड वाकडं केलं. मग एक काडी काढली, पेन्सिलीएवढी, टोकाला नायलॉनचा ताठ धागा बसवलेला. म्हणाला, "समाधानराव, आता डोळे मिटा. मी पावलाला ठिकठिकाणी हा धागा लावणार. लागला की 'हो' म्हणा."

मी डोळे मिटले. वाट पाहिली. काही होत नव्हतं. पंखा फिरत होता, बाहेर कोणी खोकत होतं. दीपमाला माझ्या खांद्याशी उभी होती. डॉक्टर अधूनमधून "हं" म्हणत होता, आणि मला वाटलं, हा लावतच नाही. मी 'हो' म्हणतो का, खोटं बोलतो का, तेवढं बघतोय. नुसता बसलाय, आणि मग सांगेल की बघा, काही कळत नाही तुम्हाला.

म्हणून मी एक डोळा किलकिला केला.

धागा माझ्या अंगठ्यावर टेकलेला होता. टेकून, दाबला जाऊन, धनुष्यासारखा वाकलेला होता.

दीपमालाने मला बघताना पाहिलं. तिने खांद्यावर हात ठेवला. मी डोळा पुन्हा मिटून घेतला आणि कळण्याची वाट बघत राहिलो.